शून्यावरची रेघ

गेल्या चौदा जुलैला संध्याकाळी कॉलिन पॅस्को शेजारच्या मॅव्हिसकडे रेडिओचा ट्यूनर आणायला गेला. तिच्या वारलेल्या नवऱ्याचा, लिंडसेचा ट्यूनर. आठवण म्हणून तिनं दिला, आणि त्या निर्लज्जानं घेतला.

हसू नका रे. रेडिओ अँटेनाच्या तारेशी जुळवायचा तो ट्यूनर; तुमचे बटण दाबलं की आपोआप जुळतात. आम्ही दोन नॉब हातानं फिरवायचो. ते कुठे थांबले ते वाचून पलीकडची तार कशी टांगली आहे, किती उंच आहे, याचा अंदाज कागदावर काढता येतो. आमच्या मूंटा गावात यात लिंडसेचा हात धरणारं कुणी नव्हतं. शून्य लिहिलं की त्यावर तिरकी रेघ मारायचा, ‘ओ’ वाटू नये म्हणून. कॉलिन रेडिओ क्लबात सगळ्यांसमोर त्याला टोचायचा, "तुझं शून्य लंगडं आहे का रे, म्हाताऱ्या? काठी लागते ती!"

एप्रिलमध्ये लिंडसेच्या अँटेनाची तार खाली आली. ती बांधायला तो नऊ मीटरच्या खांबावर चढला आणि पडला. जागीच गेला. तेव्हापासून ती तार मॅव्हिसच्या गॅरेजमध्ये गुंडाळून पडली आहे.

तर त्या चौदा जुलैच्या रात्री अकरा वीसला मला कॉलिनचा फोन आला.

"ट्यूनर जुळतोय," तो म्हणाला.

"मग? झोप की."

"अरे, मी अँटेना काढून ठेवलीय. केबल माझ्या हातात आहे."

"मग कशाशी जुळतोय?"

"आडव्या तारेशी. हिशेब केला... नऊ मीटरवर."

फोनमध्ये कागद खरखरला.

"आता सहा."

"कॉलिन, तू काय केलंयस?"

"...त्याच्या तारेची दोरी मी कापली होती. माझ्या रेडिओत खरखर यायची तिची. तो चढेल असं वाटलं नव्हतं."

मला शिसारी आली. "आत्ता शेजारी जा. मॅव्हिसला सांग."

"सकाळी सांगतो."

"आत्ता!"

"सकाळी म्हटलं ना!... थांब. नॉब... मी हात लावला नाही..."

"कॉलिन?"

"तीन."

फोन चालू होता. कुणीतरी पेन्सिल चालवत होतं.

मी गाडी काढली. दार उघडंच होतं. कॉलिन खुर्चीत, थंड. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मॅव्हिसला मग मीच सांगितलं.

समोर कागद होता. कॉलिनच्या अक्षरात नऊ, सहा, तीन.

खाली शून्य. त्यावर तिरकी रेघ.