उलट्या साळुंकीचा पत्ता

मामाची दुर्बीण हाती लागली तर त्याच्या भाचीचा, टाचणीचा, फायदा तिहेरी होता: गच्चीची किल्ली तिच्याकडे, धाकट्या भावावर हुकूम तिचा आणि दुपारच्या झोपेतून कायमची सुटका. मामाला एकच फायदा दिसत होता, सुट्टीभर घरात शांतता! म्हणून तारे बघायची ती लांबलचक दुर्बीण त्याने पक्षी बघायला देऊन टाकली.

"हिच्यातून उलटं दिसतं हं," तो गच्चीवर पेपरमागून म्हणाला.

उलटं म्हणजे किती उलटं, हे कोणी विचारलंच नाही.

"ताई, साळुंकी! पाय आभाळात करून चाललीये!" भाऊ ढब्बू ओरडला. "चोचीत अळी! उजव्या भोकात शिरली बघ!"

मैदानापलीकडे छापखान्याची भिंत होती. जुने पाइप काढल्यामुळे तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडली होती आणि परांचीवर बसलेला गवंडी ती बुजवायला सिमेंट कालवत होता!

दोघं धावत सुटली.

"काका, थांबा! उजव्या भोकात पिल्लं आहेत!"

"बरं बाई. उजवं राहू दे रे, डावं लिंप," खाली बसलेला मुकादम चहाचा घोट घेत गवंड्याला म्हणाला. वर बघायची तसदी काही त्याने घेतली नाही.

मोठा पराक्रम केल्याच्या ऐटीत दोघं गच्चीवर परतली. टाचणीने दुर्बिणीला डोळा लावला. उजवं भोक बंद! साळुंकी ओल्या सिमेंटला धडका देत होती.

"फसवलं त्यांनी!" ढब्बू किंचाळला.

टाचणीने डोळा बाजूला काढला. गिलावा डावीकडे. डोळा लावला. गिलावा उजवीकडे! काढला, डावीकडे! तिचं डोकं गरगरलं.

"ढब्बू, हिच्यात वरचं खाली होतं, तसं डावंही उजवं होतं! चुकीचा पत्ता आपणच दिला!"

"अरेच्चा!" मामा उठलाच. "ताऱ्यांना कुठे डावं-उजवं असतं? माझ्या कधी लक्षातच आलं नाही!"

आता तिघं धावली.

"मघाशी उजवं, आता डावं!" मुकादम फिस्कारला. "थोड्या वेळाने छप्पर फोडायला लावाल! सिमेंट वाळतंय. चला, निघा!"

टाचणीला रडू फुटत होतं, पण तिने वेड पांघरलं. "बरं काका. उजव्यात एकदा हात घालून दाखवा. पिल्लं असतील तर लगेच जातो."

गवंड्याने हात घातला. "ठणठणीत रिकामं!"

"मग ही अळी कोणासाठी आणतेय?"

चोचीत नवी अळी धरून साळुंकी डाव्या गिलाव्यासमोर फडफडत होती. गवंड्याने तिच्याकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं आणि कोणाला न विचारता थापीने गिलावा खरवडून काढला. आतून एकच कलकलाट! एक, दोन, तीन चोची!

"शाब्बास पोरी! लिंपायच्या आधी मीच हात घालायला हवा होता," गवंडी म्हणाला.

"आणि मी मान वर करायला," मुकादम पुटपुटला. "नजर पक्की आहे हो हिची!"

"नजर उलटी, डोकं सरळ!" मामाने पाठ थोपटली.

या गोंधळाची किंमत कोणी मोजली म्हणाल, तर गवंड्याचं थापीभर सिमेंट वाया गेलं, मुकादमाचा चहा निवला आणि मामाला अनवाणी मैदान तुडवावं लागलं. सगळ्यात महागात पडलं ते त्या अळीला!