दोन गाड्यांच्या पल्याड

गाडीत गाणी वाजवायला प्लेअर घ्यायचा म्हणून मी भोसरीत बबनरावांच्या दुकानात गेलो, ते काही हौसेपोटी नाही. चाकणच्या कंपनीत माझी रात्रपाळी. सकाळी सातला सुटून दिघीला घरी येताना आठवड्यात दोनदा स्टिअरिंगवर डुलकी लागली होती. दुसऱ्या वेळी तर चाक दुभाजकाला घासलं. बायकोला, करिष्माला, सातवा महिना. तिला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"मोबाइलवरची गाणी नकोत," मी म्हणालो. "सुपरवायझरचा फोन आला की गाणं बंद, आणि गाणं बंद की माझे डोळे बंद."

बबनरावांनी तीन प्लेअर मांडले. एकाला मोठा स्क्रीन होता; तो बघण्याच्या नादात ट्रकखाली गेलो असतो. दुसऱ्याची बॅटरी जेमतेम दोन तासांची. तिसरा काडेपेटीएवढा, ठसठशीत बटणांचा, न बघता दाबता येणारा. तोच घेतला. माझी गाडी जुनी, तिच्यात फक्त रेडिओ चालतो. म्हणून प्लेअरचं गाणं रेडिओत पोचवणारा छोटा ट्रान्समीटरही घ्यावा लागला.

"रेडिओवरचा नंबर सगळ्यांना एकच लावून देतो मी," बबनराव म्हणाले. "ट्रॅफिकमधी शेजारच्याचं गाणं तुमच्यात आलं तर दचकू नका, भाऊ. दोन गाड्यांच्या पल्याड न्हाई जात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुळीजवळ नेहमीसारखा अडकलो. ढोलकी जोरात वाजत होती. मध्येच खरखर झाली आणि बाईचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं तसा हळू.

"अहो... डोळे उघडे ठेवा. ऐकताय ना?"

मला हसू आलं. कुणा ड्रायव्हरला जागं ठेवायला त्याच्या बायकोने आवाज भरून दिला असणार. शहाणी बाई. करिष्माकडूनही असंच भरून घ्यायचं मी मनाशी ठरवलं.

मोशीहून आळंदीच्या रस्त्याला वळलो. पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही. दोन्हीकडे कोवळं ऊन. आवाज मात्र चालूच होता, उलट जास्त जवळून.

"अहो... वेग वाढलाय. हळू."

काटा ऐंशीवर होता. मी ट्रान्समीटर उपटून बाजूला फेकला, रेडिओही बंद केला. गाडीत खोबरेल तेलाचा वास भरला होता.

"अहो," ती म्हणाली, "आज तुम्ही मागे का बसलात...? गाडी कोण चालवतंय?"

आरशात बघायची माझी छाती झाली नाही. मागची सीट करकरली. मग कुणीतरी जांभई दिली. लांबलचक, रात्रपाळी करून आलेल्या माणसाची.

मी ब्रेककडे पाय नेत होतो, देवाशपथ. पोटातल्या लेकराची आठवण काढत होतो. पण जांभई एकाची दुसऱ्याला लागतेच हो. माझा जबडा आपोआप उघडला, डोळ्यांत पाणी आलं, पापण्या मिटायला लागल्या...

जाग आली तेव्हा गाडी दिघीत आमच्या दारासमोर नीट लावलेली होती. मी मागच्या सीटवर आडवा होतो. करिष्मा बाहेर, ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकून बोलत होती. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"भाऊ, एवढ्या लांब यांना सोडायला आलात," ती म्हणत होती. "असं दारातून जाऊ नका. आत या, चहा घ्या."