खिंडीवरचा टर्ब्युलन्स

"लाल्ला, आज वर कसं आहे?"

इत्तोने नकाशावरून मान वर केली. दारात एक अनोळखी वैमानिक उभा होता. केसांत धूळ, आणि 'लाल्ला', म्हणजे 'बाईसाहेब', अशी अदबीची हाक मारतानाही डोळ्यांत खट्याळ हसू. ॲटलास पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या त्या छोट्या विमानतळावर हवामान सांगण्याचं काम तिच्याकडे होतं.

"खिंडीवर मध्यम टर्ब्युलन्स."

"मध्यम म्हणजे? रुसलेल्या बायकोएवढा, की चिडलेल्या सासूएवढा?"

"पट्टा बांधला नाही तर डोकं छताला आपटेल एवढा," ती रुक्षपणे म्हणाली. पण तो गेल्यावर तिला एकटीलाच हसू फुटलं.

बास्सू त्याचं नाव. डोंगरापलीकडच्या गावांना तो औषधं पोचवायचा. रोज सकाळी यायचा, पुदिन्याचा चहा घ्यायचा, तिला चिडवायचा... आणि वरून रेडिओवर न चुकता सांगायचा, "हलका आहे, लाल्ला. अगदी हलका."

एके दिवशी तो कपाळावर टेंगूळ घेऊन उतरला.

"हे हलक्याने झालं?" इत्तोचा आवाज कापला.

"तू घाबरशील म्हणून—"

"मी घाबरीन ते मी बघीन! तुझ्या 'हलक्या'वर भरवसा ठेवून मागून दुसरा कोणी जातो, बास्सू. 'तीव्र' म्हणजे विमान हाताबाहेर गेलं. हे शब्द माझी समजूत घालायला नाहीत."

इत्तोला त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक उड्डाणाची धास्ती बसली.

मग ती वाऱ्याची दुपार आली. बास्सू खिंडीपाशी होता, आणि त्याच्या मागून बाळंतपणात अडलेल्या एका बाईला घेऊन दुसरं विमान शहराच्या दवाखान्याकडे निघालं होतं. खिंडीवरचे ढग गरगर फिरताना दिसले, तशी इत्तोने रेडिओ उचलला.

"बास्सू, वर कसं आहे? खरं सांग."

खरखर... मग धापा टाकणारा आवाज, "तीव्र. इत्तो, तीव्र आहे! मागच्याला वळव—"

आवाज तुटला.

तिने दुसऱ्या विमानाला पूर्वेच्या लांबच्या वाटेने वळवलं. जीभ अडखळली नाही. मग ती बास्सूला हाका मारत राहिली. तासभर उत्तर नाही. शेजारी बसलेले विमानतळाचे म्हातारे रखवालदार हम्मूकाका पुटपुटत दुआ मागत होते.

शेवटी त्यांनीच बोट दाखवलं. धुळीतून एक विमान डुलत डुलत उतरत होतं.

इत्तो धावली. बास्सू शिडीवरच बसला होता, ओठ पांढरे पडलेले.

"ती बाई?"

"पोचली. मुलगी झाली, आत्ताच कळलं."

त्याने डोळे मिटले. "इत्तो... मी फार घाबरलो होतो. अजून घाबरलोय."

"आता कशाला? जमिनीवर आहेस ना?"

"तुझ्या वडिलांकडे यायचं म्हणतोय. तू नको म्हणालीस तर—"

ती त्याच्या शेजारी बसली.

"शुक्रवारी ये," ती म्हणाली. "ते घरी असतात."