सत्तेचाळीस परत म्हणू नका

"न विचारता कुणी नंबर दिला, तर तो परत म्हणायचा नाही. एवढं एक ऐक माझं."

गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीला हे सांगितलं गेलं. माझ्यासमोर.

आम्ही दोघी हसलो.

म्हणून आधीच सांगते, ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सरळ पुढे जा. तुमची समजूत काढत बसायला मला वेळ नाही. माझं नऊ महिन्यांचं बाळ मांडीवर झोपलंय आणि मी एका हातानं टाईप करतेय.

ठिकाण तंजावर. नोव्हेंबरमधला गुरुवार. वेळ, संध्याकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटं.

हो, संध्याकाळच. अजून उजेड होता. भुताला अमावास्या लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी भूत फक्त मोबाईलवर बघितलेलं असतं.

आणखी एक. आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. देवनागरी मी कॉलेजात असताना हट्टानं शिकले. चुका सापडल्या तर त्या मोजायला खाली गर्दी करू नका.

तर शांभवी. माझी थोरली बहीण. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर, एका मुलीची आई. लेक जननी, साडेचार वर्षांची. शांभवी आपत्कालीन नियंत्रण कक्षात रेडिओवर बसायची. अँब्युलन्स, अग्निशमन, पोलीस, सगळ्यांचे निरोप तिच्या कानातून जायचे. कुठला कक्ष ते लिहीत नाही. तिथले लोक अजून पगार घेतायत.

त्याआधीच्या पावसाळ्यात एक अँब्युलन्स रेल्वेच्या बंद फाटकापाशी वीस मिनिटं अडकली होती. आत बाळंतपणाची बाई. फाटकवाल्याशी बोलायची सोय कुणाकडेच नव्हती, कारण रेल्वेचा रेडिओ वेगळा आणि यांचा वेगळा. मग मोठे साहेब जागे झाले. रेल्वेच्या फ्रिक्वेन्सी दोघांनी मिळून वापरायच्या असं ठरलं. गाडीचा ड्रायव्हर, स्टेशन मास्तर, फाटकवाले जे बोलतील ते नियंत्रण कक्षाला ऐकू येणार आणि कक्षाला त्यांच्याशी बोलताही येणार.

कल्पना वाईट नव्हती. पण त्यावर भाषणं किती! चाळीस रंगीत स्लाइड, तीन हार, एक फीत. टाय बांधलेल्या माणसानं दीड तास लहरी समजावून सांगितल्या. रेल्वेवर आयुष्य काढलेल्या एकाही माणसाला त्यांनी विचारलं नाही, की बाबा रे, तुमच्या या चॅनलवर काय काय ऐकू येतं?

विचारलं असतं तर राममूर्तीमामांनी सांगितलं असतं.

राममूर्तीमामा आमच्या गल्लीतले. निवृत्त स्टेशन मास्तर. दिवाळीत आमच्याकडे कॉफीला आले, तेव्हा शांभवीनं कौतुकानं नव्या चॅनलचं सांगितलं. मामांनी पेला खाली ठेवला.

"प्रायव्हेट नंबर म्हणजे काय ते शिकवलं तुम्हाला?"

"नाही मामा. ते रेल्वेचं आतलं आहे."

"आतलं!" मामा कुत्सित हसले. "चॅनल बाहेरचं आणि नंबर आतला. छान. ऐक. गाडी यायची असली की मास्तर फाटकवाल्याला कळवतो. तो फाटक लावतो, कुलूप घालतो आणि आपल्या कागदावरचा एक आकडा सांगतो. मास्तर तो आकडा परत म्हणतो आणि लिहून घेतो. परत म्हटला की जबाबदारी मास्तरची. परत म्हणेपर्यंत फाटकवाल्यानं सेटवरून हलायचं नाही."

"सरि मामा, कळलं."

"काही कळलं नाही. कागदावर आकडे क्रमानं नसतात, वापरलेला खोडतात. तो पुन्हा येत नाही. पापनाशमच्या अलीकडं एका फाटकावरून संध्याकाळी न विचारता नंबर येतो. रोज तोच. आम्ही जुने लोक उत्तर देत नाही. तूही देऊ नको."

"भुताला वॉकी-टॉकीचं लायसन्स कुणी दिलं मामा?" शांभवी म्हणाली.

मी एवढी हसले की कॉफी सांडली.

मामा हसले नाहीत. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "तुमची डिग्री चार वर्षांची. माझी नोकरी छत्तीस."

म्हातारे झाले, आम्ही म्हटलं.

चॅनल सुरू झालं. सोमवार काही नाही. मंगळवारी पाच बेचाळीसला शांभवीच्या हेडफोनमध्ये आधी एक आवाज आला...

लोखंडी चाक फिरवल्याचा.

किर्र... किर्र... किर्र...

मग साखळी. मग कुलूप लागल्याचा खटका.

आणि बाईचा आवाज, तमिळमध्ये. "फाटक बंद. नंबर सत्तेचाळीस."

पुढे कुणीच बोललं नाही.

बाई वाट बघत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

समोरच्या पडद्यावर लाल चौकोन लुकलुकायला लागला. त्यांच्या कक्षाचा कडक नियम, कुठलाही निरोप दहा सेकंदांच्या वर उत्तराविना ठेवायचा नाही. शेजारच्या खुर्चीतला त्यागराज म्हणाला, "अक्का, सोड. रेल्वेचं रेल्वे बघेल."

तिनं सोडलं. दोन मिनिटांनी श्वास थांबला.

बुधवारी पुन्हा. पाच बेचाळीस. चाक, साखळी, खटका.

"फाटक बंद. नंबर सत्तेचाळीस."

तोच आकडा.

शांभवीला मामा आठवले, आणि आठवले याचाच तिला राग आला. तिनं जवळच्या स्टेशनला फोन लावला. तिथल्या तरुण मास्तरला हसू आवरेना.

"कुठलं फाटक मॅडम? ते तीन वर्षांपूर्वी काढलं. आता खालून भुयारी रस्ता आहे. फाटकच नाही तर बंद कोण करणार?"

"मग बोलतंय कोण?"

"तुमच्याच यंत्रात पाणी शिरलं असेल. पाऊस बघा किती आहे."

म्हणजे कुणीतरी टवाळ. जुना सेट हाताशी लागलेला, संध्याकाळी उद्योग नसलेला. शांभवीला अशा लोकांची किळस होती. अपघातात माणसं तडफडत असतात आणि हे चॅनलवर खेळतात. उद्या पकडतेच, ती म्हणाली.

गुरुवार आला. रेकॉर्डिंग चालू. त्यागराजला तिनं उभा ठेवला.

पाच एक्केचाळीस...

पाच बेचाळीस.

किर्र... किर्र... खटका.

"फाटक बंद. नंबर सत्तेचाळीस."

शांभवीनं बटण दाबलं. शाळेतल्या बाई हजेरी घेतात तसल्या सुरात म्हणाली, "नंबर सत्तेचाळीस. मिळाला. आता नाव सांगा तुमचं."

चॅनल गप्प झालं.

साधी खरखरसुद्धा नाही. कानात कापूस कोंबावा तसं.

मग ती बाई बोलली. या वेळी तमिळ नाही. आमचं मराठी. घरातलं, तंजावरचं, जे त्या अख्ख्या कक्षात एकट्या शांभवीलाच कळत होतं.

"मिळाला?"

एक लांब श्वास...

"मग मी आता वळून बघते."

एवढंच. सेट ठेवल्याचा आवाज आला.

त्यागराजनं विचारलं, "काय म्हणाली?" शांभवीनं हात मानेवर नेला. मानेमागे कुणीतरी उभं आहे असं तिला वाटत होतं. मागे भिंत होती.

पाच सेहेचाळीस. तिचा मोबाईल वाजला. श्रीहर्ष, तिचा नवरा. त्याला धाप लागली होती.

"जननी तुझ्याकडं आलीय का?"

"माझ्याकडं? कामावर? वेड लागलंय का?"

"आत्ता दारात खेळत होती. मी दुधाची पिशवी आत ठेवायला गेलो, बस, पिशवी ठेवायला. नाही ती. गल्लीत नाही. चपला इथंच आहेत..."

शांभवी उठली. हेडफोनची वायर ताणली गेली, म्हणून तिनं हेडफोन काढण्यासाठी हात वर नेला.

तेवढ्यात कानात रघुपतीचा आवाज आला. रघुपती अँब्युलन्स चालवायचा, पापनाशमहून रिकामी गाडी घेऊन परत येत होता.

"कंट्रोल, मी भुयारी रस्त्यापाशी आहे. जुनं फाटक होतं तिथं. वर रुळावर एक लहान पोरगी उभी आहे. एकटीच. पिवळा फ्रॉक, पाय अनवाणी."

शांभवीनं सकाळी स्वतःच्या हातानं जननीला पिवळा फ्रॉक घातला होता.

"कंट्रोल, तिनं एक हात वर धरलाय. कुणाचं बोट धरावं तसा. पण शेजारी कुणी नाही."

आणि त्याच्या आवाजामागे, लांबून, गाडीची शिट्टी.

माझी बहीण कशी ओरडली ते रेकॉर्डिंगवर आहे. मी एकदा ऐकलंय, पुन्हा ऐकणार नाही. "गाडी थांबवा! रुळावर मूल आहे! थांबवा!" तेच चॅनल, चाळीस स्लाइडवालं. इंजिनातल्या ड्रायव्हरनं ते ऐकलं आणि ब्रेक लावले.

रघुपती चिखलातून चढण चढत धावला. गाडी त्याच्यापासून तीस पावलांवर थांबली.

घड्याळात पाच एकोणपन्नास.

ती जननीच होती. आमच्या दारापासून वीस किलोमीटरवर. सात मिनिटांत. धो धो पावसात, आणि अंगावरचा फ्रॉक कोरडा.

यावर चौकशी झाली बरं का. अहवालही आला. आवाजाबद्दल लिहिलं, "दोन यंत्रणांच्या लहरी एकमेकींत मिसळल्या." मुलीबद्दल लिहिलं, "अज्ञात वाहनातून नेली असावी." सात मिनिटांत वीस किलोमीटर, आमच्या रस्त्यांवरून! लिहिणाऱ्यानं तंजावरचा बसस्टँड तरी सात मिनिटांत ओलांडून दाखवावा. रेकॉर्डिंगवर बाईचा आवाज नाही, हेही त्यांनी मोठ्या आनंदानं लिहिलं. शांभवीचा आहे. ती नंबर परत म्हणते, तो आहे. त्याआधी आणि त्यानंतर काहीच नाही.

त्यागराजनं बाईचा आवाज ऐकला होता. त्याची लेखी जबानी अहवालाला जोडलेलीच नाही.

जननीनं आठवडाभर तोंड उघडलं नाही. मग एके दिवशी मी, तिची चित्ती म्हणजे मावशी, तिला दहीभात भरवत होते, तेव्हा आपणहून म्हणाली,

"चित्ती, ती बाई म्हणाली, तुझी आई सेटवर आहे. ती वळून बघणार नाही."

"मग?"

"मग म्हणाली, मी बघितलं."

मी त्याच संध्याकाळी राममूर्तीमामांकडे गेले. रागानं गेले होते. आम्हाला नीट का नाही सांगितलं, भीती घालून अर्धवट का सोडलं?

मामांनी दार लावलं आणि खाली बघत बोलले.

हिराबाई नावाची फाटकवाली होती. आपल्याच लोकांतली. बावीस वर्षांपूर्वी. नवरा नव्हता, म्हणून चार वर्षांची पोर कामावर बरोबर आणायची. त्या दिवशी पावसानं फोनची तार गेली होती. तिनं वॉकी-टॉकीवर नंबर दिला. सत्तेचाळीस. मास्तरनं ऐकला, लिहून घेतला, गाडीला सिग्नल दिला.

फक्त परत म्हटला नाही.

ती नियमानं सेट धरून उभी राहिली. रुळाकडे पाठ करून. पोर मागे खेळत होती...

"मास्तर कोण होता मामा?"

मामा दाराची कडी पुन्हा चाचपायला लागले.

"मामा, कोण होता?"

"कॉफी निवत होती," ते म्हणाले. "म्हटलं, लिहून तर घेतलाय."

कॉफी! बावीस वर्षं हा माणूस गल्लीत मान वर करून फिरला. आम्हाला नियम शिकवले. भुताची गोष्ट सांगितली आणि त्यातून स्वतःला तेवढं वगळलं. मी त्यांच्या घरचं पाणीही न पिता उठले.

शांभवीनं नोकरी सोडली. ती आता जननीकडे पाठ करत नाही. भाजी चिरतानाही आडवी बसते. आम्ही तिला हसत नाही.

चॅनल मात्र चालूच आहे. का बंद करतील? फीत कापलीय ना. शांभवीच्या खुर्चीत हरिता नावाची नवी मुलगी बसलीय. बावीस वर्षांची, हुशार, माझ्यासारखीच हसणारी. परवा त्यागराजचा फोन आला होता. म्हणाला, पाच बेचाळीसला चाक पुन्हा फिरायला लागलंय.

मी विचारलं, "सत्तेचाळीसच?"

"नाही," तो म्हणाला. "आता एकसष्ट."

सत्तेचाळीस खोडला गेलाय. कागदावरचा पुढचा आकडा आलाय.

हरिताला मी स्वतः जाऊन सांगितलं. परत म्हणू नको. ती नम्रपणे म्हणाली, "अक्का, दहा सेकंदांत उत्तर द्यायचा नियम आहे." मी गेल्यावर ती हसली असणार.

त्या एकसष्टच्या वेळी कुणाचं मूल कुठल्या दारात खेळत असेल, मला माहीत नाही. हरिताला अजून मूल नाही.

तुम्ही पण हसा हवं तर. पण एक करा. तुम्ही हे मोबाईलवर वाचताय, मान खाली घालून, बराच वेळ झाला. घरातलं मूल शेवटचं कधी दिसलं होतं? आवाज येतोय का त्याचा?

मी आत्ता मांडीवर बघितलं. माझं आहे.

वाचणं सोडा. वळून बघा.