बुजवलेला झरोका

इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं जुनं चर्च सिंगापूरच्या प्रयोगशाळेत टेबलावर मावेल एवढं झालं होतं. धम्मदीपने हिवाळ्यात तिथे जाऊन लेसरने ते मोजलं होतं आणि आता थ्रीडी प्रिंटरमधून त्याचं पांढरंशुभ्र मॉडेल निघालं होतं. मनोरा, कमानी, उतरतं छप्पर, सगळं जिथल्या तिथे. नव्हता तो फक्त वेदीजवळच्या भिंतीतला तिरका झरोका. कुष्ठरोग्यांना आत मज्जाव असे. त्यांनी बाहेर कबरींमध्ये उभं राहून वेदी पाहावी म्हणून तो ठेवलेला, असं तिथल्या राखणदार बाईंनी त्याला सांगितलं होतं. पण त्या भोकापाशी प्रिंटर अडायचा आणि प्रदर्शन तोंडावर आलेलं. धम्मदीपने एक क्लिक करून भोक बुजवलं आणि हात झटकले. कोणाला कळणार होतं?

"याला हात कोणी लावला?" सोबत काम करणाऱ्या निहारिकाने विचारलं.

बाहेर भरदुपारी आभाळ काळवंडलं होतं. तिने टॉर्च आणि भिंग पुढे केलं. झरोका बुजवलेल्या नेमक्या जागी, बाहेरच्या अंगाने, मातकट पंजे उमटले होते. तांदळाच्या दाण्याहून लहान. बहुतेकांना बोटं अपुरी होती.

"प्रिंटरचा दोष असेल..." म्हणत त्याने ते पुसले. दोघं हॉकर सेंटरवर जेवून आले, तोवर ठसे परत हजर. बंद एसी खोलीत ओल्या मातीचा वास येत होता. या वेळी एका पंजाला सहा बोटं होती.

धम्मदीपला आपले आजोबा आठवले. शिवदासआजोबांच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. लहानपणी गावच्या देवळाच्या मागच्या भिंतीला तोच हात टेकून ते आतलं भजन ऐकायचे. जातीमुळे आत जायची बंदी होती. हे ऐकत वाढलेल्या नातवाने झरोका बुजवला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"निहारिका, भोक मीच बुजवलं... पुन्हा प्रिंट करू या."

"प्रदर्शन हुकेल. सर सोडणार नाहीत तुला."

"हुकू दे. सरांना मी सांगतो."

सर बोलायचं ते बोलले. प्रिंटर दोनदा अडला, तरी दुसऱ्या दिवशी नवं मॉडेल निघालं. झरोका उघडा, भिंत स्वच्छ. धम्मदीपला हायसं वाटलं.

"इकडे ये जरा..." निहारिका हळूच म्हणाली.

ती मॉडेलच्या पुढच्या बाजूला उभी होती. तिथलं मोठं दार दोन्ही वेळा बंदच छापलं गेलं होतं, भिंतीसारखं भरीव. त्या दारावर एकच ठसा होता, अजून ओला. सहा बोटांचा.