मधाच्या रंगाची फरशी

फरशीच्या दुकानात कपाटाचा आख्खा खण उचलून आणणारं गिऱ्हाईक आत्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तो खण थेट त्यांच्या भाच्याच्या पायावर ठेवणारं तर नाहीच नाही.

"आई गं!"

"अरे देवा... सॉरी! तुम्ही खाली बसलेले दिसलाच नाहीत हो."

"फरशीवाला खाली नाही बसणार तर कुठे बसणार?" अंगठा चोळत तो म्हणाला. मग खणाकडे बघून हसला. "हा काय, विकायला आणलाय?"

"रंग जुळवायला! घरातलं लाकूड या रंगाचं आहे. हा पडद्याचा तुकडा, ही उशी..." तिने पिशवी रिकामी केली. "मी शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा रंगातलं मला सांगू नका. पांढरीशुभ्र, चकचकीत फरशी हवीय. घर उजळून निघालं पाहिजे."

"नाही मिळणार."

"संपली?"

"ढीगभर आहे. पण इथे छतावर पन्नास दिवे आहेत, बाई. इथे कुठलीही फरशी देखणीच दिसते. रंग घरात बघायचा."

गल्ल्यावरून आत्या म्हणाल्या, "ऐका त्याचं. गिऱ्हाईकं पळवतो मेला, पण घरं बिघडवत नाही."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. खण उचलून तिच्या रिक्षापर्यंत तो लंगडत आला, तेव्हा तर हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी तो तीन रंगांचे नमुने घेऊन घरी हजर झाला. घर तिचं आणि बाबांचं. वर्षानुवर्षं भाड्याने घेतलेलं ते घर तिने नुकतंच विकत घेतलं होतं, त्यामुळे भिंतीतल्या खिळ्यांवरही तिचं प्रेम होतं. बाबा घड्याळजी. दुकान बंद केल्यापासून खिडकीत बसून पेपर वाचायचे.

खोल्यांमधल्या बोळातली जुनी फरशी तशीही उखडलेली होती. तिथे त्याने वाळूवर नमुने सपाट बसवले – पांढरे, गडद राखाडी आणि मधाच्या रंगाचे.

"तीन दिवस बघा. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. मी येऊन जाईन."

"मी फोन केला तर नाही चालणार?"

"फोनवर रंग कळत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

तो रोज आला. शाळा सुटली की ती घाईघाईने घर गाठायची, आणि वर आपण घाई केलीच नाही अशा थाटात दार उघडायची.

"आज काय दिसलं?"

"पांढऱ्यावर माझे केस."

"किती?"

"सात."

"मोजलेत?"

"तुम्ही विचारणार हे माहीत होतं ना!"

राखाडी रंग तिला मनातून आवडला होता, पण काळपट कपाटं आणि गडद फरशी मिळून खोली आखडल्यासारखी वाटत होती. हे तिने कबूल केलं, तेव्हा तो जिंकल्यासारखा हसला नाही. नुसतं "हं" म्हणाला. ते "हं" तिला फार आवडलं.

तिसऱ्या दुपारी बाबा आतून आले. पांढऱ्या नमुन्यांवर खिडकीचं ऊन झगझगत होतं. बाबा तिथे थबकले, डोळे मिटले, भिंतीला हात लावून पुढे झाले. राखाडी नमुन्यापाशी मात्र पाय उचलून ते असे पलीकडे गेले, की जणू तिथे खड्डा आहे. मधाच्या रंगावरून सरळ चालत आले.

"बाबा, काय खेळ चाललाय?" ती हसली.

तो हसला नाही. निघताना जिन्यात हळूच म्हणाला, "बाई... बाबांना दिसतं किती?"

"म्हणजे? रोज पेपर वाचतात ते!"

"मी काल एका बातमीबद्दल विचारलं. चष्म्याचा बहाणा केला त्यांनी. आज त्यांना गडद फरशी खड्ड्यासारखी वाटली. मी अशी माणसं बघितलीत..."

"तुम्ही फरशीचं बघा." तिचा आवाज चढला. "माझ्या घरातल्या माणसांचं मी बघते."

तो पायऱ्या उतरून गेला.

ती घरात आली. बाबांनी पेपर समोर धरला होता. ती बघत राहिली. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

"बाबा, पहिलीच बातमी वाचून दाखवा ना."

पेपर हळूहळू खाली आला.

"वर्ष झालं असेल," बाबा म्हणाले. "पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं. मोरीपर्यंत सात. चालतं माझं. तू एवढ्या हौसेने घर करतेयस... म्हटलं, तुझी पांढरी फरशी होऊन जाऊ दे, मग सांगू."

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. रोज रांगोळीसारखी रंगसंगती जुळवत बसणारी ती, आणि समोरच्या माणसाला रंगच दिसत नव्हते!

दुसऱ्याच दिवशी तिने रजा काढून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत येणार नव्हती, पण राहिलेली टिकवता येण्यासारखी होती. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. तिथून ती बाबांना घरी सोडून तडक दुकानात गेली.

तो खाली बसून फरशी कापत होता. तीही त्याच्यासमोर खालीच बसली. आत्या डोळे विस्फारून बघत राहिल्या.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"माझंही. जिन्यात सांगायची गोष्ट नव्हती ती."

"मधाचा रंग द्या. चमक नसलेला. अजून काय करू, सांगा. या वेळी ऐकते."

त्याने कागद ओढून रेघा मारल्या. भिंतीच्या तळाशी गडद पट्टी, म्हणजे जमीन कुठे संपते ते बाबांना कळेल. मोरीच्या उंबऱ्यालाही तीच. भिंती पांढऱ्या. "उजेड भिंतींकडून घेऊ. फरशीने पाय सांभाळायचे."

काम आठ दिवसांचं होतं; पंधरावा दिवस उजाडला. बसवलेली फरशी तो काढायचा, पुन्हा बसवायचा. "एक केसभर वर आलीय," म्हणायचा. बाबांना खुर्चीत बसवून गप्पा मारायचा. आत्यांचा फोन आला की गच्चीत जाऊन बोलायचा.

शेवटच्या दिवशी ती स्वयंपाकघरात चहा करत होती. कप घेऊन वळली तर दारापर्यंत ताजी, ओली फरशी! पलीकडच्या टोकाला, बाहेरच्या दारात, तो उभा. बाबा शेजाऱ्यांकडे गेलेले.

"अहो! मी अडकले की इथे! पाय कधी ठेवायचा?"

"उद्या."

"उद्या? इतकी वर्षं फरश्या बसवता, आणि आत माणूस आहे हे बघत नाही?"

तो हातातली थापी उगाच पुसत राहिला.

"बघितलं होतं," शेवटी म्हणाला. "उद्यापासून इथे यायला कारण उरणार नाही... तुम्ही समोर असलात की मी फरशीचंच बोलत बसतो. म्हटलं, आज तुम्हाला हलता येणार नाही आणि मला जवळ येता येणार नाही. मग तरी बोलता येईल."

चहावर साय धरू लागली होती.

"मग बोला," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

"तुम्ही मला... म्हणजे मला तुमच्याशी..." त्याने मोठा श्वास घेतला. "लग्न कराल माझ्याशी? माझ्या घरची फरशी अजून सिमेंटचीच आहे. रंग ठरतच नव्हता. एकट्याला ठरवावासाच वाटला नाही."

"आणि बाबा?"

"बाबा आधी. त्यांची पावलं मला पाठ झालीत."

ती मान खाली घालून हसली. मान वर केली तर त्याच्यामागे, जिन्याच्या कठड्याला एक लांब फळी टेकवून ठेवलेली तिला दिसली.

"ती फळी कशाला असते हो?"

"ओल्या फरशीवर टाकून चालायला," तो ओशाळून म्हणाला.

"म्हणजे मघापासून मला येता आलं असतं?"

"...हो."

तिने दोन्ही कप ओट्यावर ठेवले, ओढणी कमरेला खोचली.

"मग बघत काय उभा राहिलास?" ती म्हणाली. "टाक ना फळी."