मामांचा डावा तळहात

मामा मातीच्या गाड्या घडवत. कागदावरची गाडी कारखान्यात जाण्याआधी तिची खऱ्या आकाराची प्रतिकृती मातीत करतात. ही माती भट्टीत तापवली की मऊ, थंड झाली की टणक. मामा डोळे मिटून तिच्यावरून डावा तळहात फिरवत आणि केसभर उंचवटाही पकडत. सगळा स्टुडिओ त्यांना मामा म्हणे. तिथेच काम करणाऱ्या भाचीचे मात्र ते सख्खे मामा. काम मनासारखं झालं की मागच्या डाव्या कोपऱ्यावर ते दोन थापट्या मारत आणि म्हणत, "पोर शहाणी निघाली." त्याशिवाय गाडी स्टुडिओबाहेर पडत नसे.

विजेवर चालणाऱ्या या छोट्या व्हॅनला मात्र त्या थापट्या मिळाल्या नव्हत्या. तीन आठवड्यांपूर्वी मामा गेले.

व्हॅन होतीच तशी देखणी. बसकं नाक, मागे हळूच उतरत गेलेलं छप्पर, जवळजवळ झाकलेली चाकं, बघत राहावं. पण हवेच्या अडथळ्याचा आकडा आज दुपारपर्यंत ०.२६च्या खाली आला नाही, तर प्रकल्प गुंडाळून माती पुन्हा भट्टीत टाकायची, असं वरून कळवलं होतं. मामांचं शेवटचं काम वितळणार, या विचाराने भाचीला सकाळचा चहाही गेला नव्हता. हवेचं गणित तिच्याकडे होतं.

वाऱ्याच्या बोगद्यात व्हॅनची चार चाकं चार वजनकाट्यांवर उभी होती. कुठल्या चाकावर किती भार पडतो, ते काचेबाहेरच्या पडद्यावर दिसे. पंखा सांभाळणाऱ्या जुन्या तंत्रज्ञाला सगळे वारेवाले म्हणत.

"०.२७४," वारेवाले म्हणाले. "कालचंच रडगाणं."

भाचीने काचेआडून हवेची वाट दाखवणारी धुराची नळी सरकवली. पांढरी रेघ नाकावरून चढली, छपरावरून अलगद गेली आणि मागच्या डाव्या कोपऱ्याशी एकदम उचलली गेली. तिथे काहीच नव्हतं. चार बोटांच्या रुंदीवरून उडी मारून धूर पुन्हा खाली आला.

"नळी तुंबली असेल," वारेवाले म्हणाले.

नळी साफ केली. धूर पुन्हा तिथेच उचलला गेला. आता तो उंचवटा सावकाश मागेपुढे सरकत होता.

ती जागा भाचीला चांगली ठाऊक होती. मामांनी दोन्ही मागच्या कोपऱ्यांना उथळ खळगा ठेवला होता. तो संगणकाच्या आराखड्यात नव्हता, म्हणून मामा आजारी असताना तिने तो भरून टाकला. "आकडे खोटं बोलत नाहीत, मामा," असंही वर सुनावलं. मामा एवढंच म्हणाले होते, "हात लावून बघ गं एकदा." तिने लावला नव्हता. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

पंखा थांबवून ती आत गेली. डोळे मिटून डावा तळहात टेकवला. भरलेला भाग हाताला सुजल्यासारखा लागला. तिने तो खरवडला.

०.२६८.

धुरातला उंचवटा वीतभर खाली सरकला. तिने तिथे खरवडलं. मग तो उजव्या कोपऱ्यावर गेला, तीही गेली. वारेवाले आता नळीचं नाव काढत नव्हते.

"०.२५९!"

धूर व्हॅनच्या अंगावरून सरळ, एकसंध निघून गेला. भाची हसली आणि तिचे डोळे भरून आले.

"काय हात होता बाई माणसाचा!" वारेवाल्यांनी पंखा बंद केला. "आपण नुसते आकडे वाचणारे."

पाती थांबली. बोगद्याचं दार बंद होतं. पडद्यावरच्या चारही रेघा स्थिरावल्या.

मागच्या डाव्या चाकाची रेघ उसळली.

पुन्हा एकदा उसळली.

मग भाची दार उघडून आत गेली. छपरावरची माती दगडासारखी थंड होती. तिने मागच्या डाव्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. तिथली माती उबदार आणि मऊ होती.

"बाई," वरच्या स्पीकरमधून वारेवाले म्हणाले, "रेलू नका. डाव्या काट्यावर भार येतोय."

तिने हात काढला आणि दोन पावलं मागे सरली.

"काढा ना हात," वारेवाले म्हणाले.